उरलेला गुलाल

लेकीने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की ती इलेक्शनला उभी राहते आहे, तेव्हा हे जेवत होते. वरणभाताचा घास हातात तसाच राहिला आणि तूप मनगटापर्यंत ओघळलं. मला वाटलं ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तो बाजूला सारून फोनकडे न बघता मलाच म्हणाले, "तिले सांग, आपल्या घरात हे काम होत नाही."

लेक कॅनडात असते. तिथल्या एका सपाट, गव्हाच्या प्रांतात ती नर्स आहे. प्रांत म्हणजे आपल्याकडचं राज्य. त्यांची विधानसभा वेगळी, मुख्यमंत्री वेगळा. त्या प्रांताचं नाव इतकं आडवंतिडवं आहे की आमच्या वाडीत ते कोणालाच धड घेता येत नाही, म्हणून आम्ही सगळे नुसतं 'तिच्याकडे' म्हणतो. तर तिच्याकडे, तिच्या गावातल्या दवाखान्याचा तातडीचा विभाग रात्रीचा बंद करून टाकला होता. रात्री कोणाच्या छातीत दुखलं तर बर्फातून थेट पुढच्या शहरात न्यायचं. ही त्यासाठी सभांना जाऊन उभी राहायची, प्रश्न विचारायची. शेवटी एका पक्षाने म्हटलं, तूच उभी राहा, आणि ही बया हो म्हणून बसली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एकटी जायला जी पोर माझा पदर धरून रडायची, ती ही.

यांनी नाही म्हटलं त्याला कारण होतं. आम्ही नागपूरजवळच्या वाडीत राहतो, अमरावती रोडला लागून. यांचं ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान. आमच्या बरोबर समोर ज्यांचं घर आहे त्यांचा धर्मकाटा आहे, म्हणजे भरलेले ट्रक तोलायचा काटा. दोघे एका बाकावर शिकले. दोघांत मिळून एक राजदूत मोटरसायकल होती, तिच्या टाकीवर बसून आमची लेक सगळी वाडी फिरली आहे. मग, वाडीला अजून ग्रामपंचायत होती तेव्हा, कोणीतरी यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि कोणीतरी समोरच्यांना. दोघेही एकाच वॉर्डातून उभे राहिले. हे पडले.

पडण्याचं काही नाही, दोघांतला एक पडणारच. पण आपल्याकडे एक रीत आहे, आणि ती ज्याने काढली तो मला एकदा भेटायला हवा. विजयाची मिरवणूक हरलेल्याच्या दारात थांबते. बाकीच्या गल्लीतून सरसर जाते आणि तिथे आली की संदलवाल्यांच्या अंगात येतं. संदल म्हणजे आमच्या नागपूरचा ढोल-ताशांचा ताफा; तो पेटला की कपाटातली भांडी आपोआप वाजतात. त्या संध्याकाळी तो आमच्या दारात पेटला. फटाक्यांची लड लागली. कुंपणावरून मुठी मुठी गुलाल आत आला. अंगणात यांनी नवी शिवलेली ताडपत्री पसरली होती, कुठे गळते का बघायला पाणी मारून ठेवलेली. ओल्या कापडावर गुलाल बसला तो बसला. गिऱ्हाइकाने ती घेतली नाही. आजही आमच्या स्कूटरवर पावसाळ्यात तीच असते, गुलाबी ठिपक्यांची.

यांनी दाराला आतून कडी घातली होती. लेक तेव्हा चौथीत. खिडकीच्या फटीतून तिने बाहेरचा नाच बघितला आणि विचारलं, "बाबा, आपन दार काहून लावलं?"

त्यानंतर हे दुकानाला मागच्या गल्लीने जायला लागले. ओसरीवरच्या खुर्चीचं तोंड भिंतीकडे झालं. समोरच्यांशी अबोला असा की लग्नपत्रिकासुद्धा आम्ही बायकांनीच एकमेकींना द्यायची. आमचं बायकांचं मात्र सुरळीत चालू होतं. त्यांच्या घरचं विरजण माझ्याकडे, माझा कढीपत्ता तिकडे. अबोला धरायला रिकामा वेळ लागतो. गेल्या वर्षी समोरच्या वहिनी गेल्या. हे अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागून चालले, घाटावर एका झाडाआड उभे राहिले आणि तोंड न दाखवता परत आले. त्या दिवशी जेवले नाहीत. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. माणूस एकदा हरतो आणि मग किती वर्षं हरतच राहतो, हे मी रोज बघत होते. त्यामुळे लेक उभी राहिली तेव्हा मला काळजी होती ती सीटची नव्हती. ती पडली तर तीही अशीच भिंतीकडे तोंड करून बसेल का, एवढीच भीती होती. यांचीही तीच होती.

मग तिचा प्रचार सुरू झाला आणि आमचे डोळे दिपायला लागले. ना जीप, ना भोंगा, ना टोप्या. ही आपली पायात बूट घालून एकटी, नाहीतर जावयाबरोबर, दारोदार जायची. बेल वाजवायची आणि म्हणायची, मी उभी आहे, तुम्हाला काय वाटतं? लोक सांगायचे. एका म्हातारीने सांगितलं, मी तुला मत देणार नाही, पण बाहेर थंडी आहे, आत येऊन कॉफी पी. ही प्यायली. हे ऐकून यांनी पेपर खाली ठेवला.

तिथे कापडी बॅनर नाहीत. उमेदवाराच्या नावाची लहानशी पाटी लोक आपापल्या अंगणात गवतात खोचतात. एकदा तिने चालता चालता रस्ता दाखवला. एका घरापुढे हिची पाटी, शेजारच्या घरापुढे विरुद्ध पक्षाची, आणि ते दोन्ही शेजारी एकच शिडी धरून झाडाची फांदी कापत होते. पुढे एका अंगणात दोन पाट्या होत्या, दोन्ही पक्षांच्या. हे म्हणाले, घर भाड्याने दिलं असेल, दोन बिऱ्हाडं असतील. लेक म्हणाली, नाही, नवरा-बायको आहेत. नवऱ्याची ती पाटी, बायकोची माझी. यांनी फोन हातात घेऊन ते चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"आनं एकाच चुलीवर जेवतात?" त्यांनी विचारलं.

लेक हसली. मी नाही हसले. मला त्या अंगणाकडे बघून देवळात गेल्यासारखं वाटलं होतं.

हिच्या विरुद्ध जे उभे होते ते सत्तरीचे शेतकरी, आधीपासूनचे तिथले आमदार. एका हॉलमध्ये दोघांना शेजारी शेजारी बसवून गावाने प्रश्न विचारले. हिचा माईक चालेना तर त्यांनी आपला दिला. भाषण पाडायची एवढी सोन्यासारखी संधी आणि माणसाने माईक दिला. यांनी ते चित्रण तीनदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी ओसरीवरची खुर्ची थोडी गल्लीकडे वळलेली दिसली.

निकालाचा दिवस दिवाळीच्या तोंडावर आला. तिकडे संध्याकाळी मतदान संपतं तेव्हा आपल्याकडे सकाळ झालेली असते. मी पोह्यांना फोडणी दिली आणि त्यांवर ओतायच्या झणझणीत तर्रीचं पातेलं चढवलं, तोवर निम्मी गल्ली आमच्या ओसरीवर. माझा भाचा तर आदल्या दिवसापासूनच मुक्कामाला होता. त्याने आजवर कितीतरी मतमोजण्या पक्षाचा माणूस म्हणून टेबलाशी बसून काढल्या आहेत, त्यामुळे त्या दिवशी तो आमचा निवडणूक आयोग. जावई तिकडून व्हिडिओ कॉलवर होताच. त्याने मतपत्रिकेचा नमुना दाखवला. कागद, आणि त्यावर पेन्सिलीने फुली. भाचा म्हणाला, "पेन्सिल? मंग खोडरबर आनलं तं?" जावई म्हणाला, कोणी आणत नाही. बोटाला शाई नाही, दारात बंदूकवाला पोलीस नाही, शाळेच्या हॉलमध्ये चार आज्या स्वेटर घालून बसल्या आहेत आणि कागद उलगडून मोजताहेत. ज्याने आयुष्यभर मतपेट्यांची सीलं तपासली तो भाचा खुर्ची ओढून फोनच्या अगदी जवळ येऊन बसला.

लेक पहिल्यापासून पुढे होती. आकडे येत होते आणि ती पुढेच जात होती. मोजायच्या पेट्या थोड्या उरल्या तेव्हा भाच्याने फैसला दिला. मला म्हणाला, "मामी, पोस्टाची आनं आधी टाकलेली मतं पह्यलेच मोजतात. ते झाले. आता हे पक्कं समजा." आपल्याकडे तसंच असतं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. जावई तिकडून काहीतरी सांगत होता, थांबा, अजून आहेत, पण ओसरीवर इतका कालवा झाला की त्याचं ऐकणार कोण.

मला माहीत नव्हतं, पण भाच्याने संदल सांगून ठेवला होता. लग्नसराई नव्हती, ताफा मोकळाच. गल्लीच्या तोंडाशी ताशा कडाडला आणि मी झारा हातात घेऊनच बाहेर आले. कोणीतरी यांच्या डोक्यावर गुलाल ओतला. पांढऱ्या केसांवर तो रंग, आणि खाली यांचा चेहरा. लग्नातही मी तो चेहरा इतका उजळलेला पाहिला नव्हता. इतक्या वर्षांनी त्या घरात गुलाल सरळ दारातून आला होता. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात भाचा यांच्या कानाशी वाकला. मी जवळच होते म्हणून ऐकू आलं. "मामा, एक डाव समोरच्या दारात थांबवू. तवाचा हिशेब बरोबर."

यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. गुलालाचं ताट हातात घेऊन तसेच उभे राहिले. मी झारा उगारून म्हटलं की खबरदार, पण ताशापुढे माझा आवाज तो काय. भाच्याने हात वर केला आणि संदल गल्ली ओलांडून समोरच्या दारात जाऊन उभा राहिला.

समोरचे आपल्या पायरीवर बसले होते, एकटेच. बनियन, लुंगी, डोक्याला गांधी टोपी. संदल येताना त्यांनी बघितला. उठून आत गेले असते, दार लावून घेतलं असतं, तर कोणी काही म्हटलं नसतं. पण ते बसूनच राहिले, दार सताड उघडं ठेवून, मान खाली घालून. आपली पाळी आली आहे हे कळल्यासारखे.

ताफा पेटायच्या आत, ओसरीवरून मी उचलून घेतलेल्या फोनमध्ये जावयाचा चेहरा हलला. तो म्हणाला, "आई, पडली ती."

आधी टाकलेली मतं तिकडे शेवटी आली होती. म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं ज्याला निवडून दिलं त्यालाच ती गेली, आणि अगदी थोडक्यासाठी ही मागे पडली. मी हात वर करून संदल थांबवला. काही विचारायची गरज पडली नाही, माझ्या तोंडावरून गल्लीला कळलं. सगळे गुलाबी चेहऱ्यांनी एकमेकांकडे बघत राहिले. संदलवाल्याने ताशाच्या काड्या काखेत धरल्या. भाचा कुठे नाहीसा झाला ते कळलंच नाही.

यांनी ताट ओसरीच्या कठड्यावर ठेवलं आणि घरात जायला वळले. हात कडीकडे गेला होता. मला त्या हाताची ओळख होती. मी पळत जाऊन फोन त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, अहो, पोर कुठे आहे ते तरी बघा.

ती रस्त्यावर होती. गाडीतून उतरून एका हॉलकडे चालली होती, जावई मागे फोन धरून. हॉल उजेडाने भरलेला, आत गाणी, फुगे. तो तिचा हॉल नव्हता. ज्याने तिला हरवलं त्याचा होता. मी म्हटलं, देवा, ही तिथे कशाला जाते आहे, तोंड कसं दाखवेल. दार उघडून ती आत गेली. गाणं बंद झालं. आणि मग त्या परक्या माणसांनी, ज्यांनी महिनाभर तिला पाडायला घाम गाळला, त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. म्हातारे आमदार समोरून आले, केवढे उंच, वाकून त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. ती काहीतरी बोलली, ते हसले. मग त्यांनी तिला माईकपाशी नेलं. ती इंग्रजीत बोलली ते मला तुटक कळलं, पण आवाज कळला. त्यात काही तुटलेलं नव्हतं. मग ते बोलले आणि जावयाने हळूच अर्थ सांगितला: दवाखान्याचा प्रश्न आता विधानसभेत ते मांडणार, आणि भाषण लिहायला हिला बोलावणार.

मी आयुष्यात थोडंफार पाहिलं आहे. चांगलं पाहिलं, वाईटही पाहिलं. पण हरलेलं माणूस जिंकलेल्याच्या घरात आपल्या पायांनी चालत जातं आणि तिथे त्याची मान खाली जात नाही, हे मी कधी पाहिलं नव्हतं. आणि ती माझी पोर होती.

मग तिने फोन स्वतःच्या हातात घेतला. डोळे सुजलेले होते, म्हणजे गाडीत रडून घेतलं असणार. बाबांकडे बघून म्हणाली, "बाबा, मी हारली. उद्या सकाळी माह्या पाट्या काढाले जाऊन राहिली. अंगनाअंगनातून काढा लागतात. हे आमदारही येऊन राहिले, त्यांच्या गाडीत दोघांच्या पाट्या एकसाथ काढू म्हनतात." मग जरा थांबून तिने विचारलं, "तुमच्या डोक्शावर गुलाल काहून आहे?"

यांनी केसांवरून हात फिरवला आणि गुलाबी झालेला तळवा बघितला. तिने पुन्हा विचारलं नाही. नीज येऊन राहिली, म्हणाली, आणि फोन ठेवला.

मला वाटलं आता हे आत जातील. पण ते कठड्यापाशी गेले. ताट उचललं. त्यात गुलाल जवळजवळ सगळा उरला होता. पायऱ्या उतरले, चपला न घालताच, आणि गल्ली ओलांडून समोर गेले. ती गल्ली आठ-दहा हातांची असेल. त्यांना ती ओलांडायला आमच्या लेकीचं उरलेलं लहानपण आणि अर्धं तरुणपण लागलं होतं.

समोरचे पायरीवरून उठून उभे राहिले. दोघेही म्हातारे, दोघांचेही गुडघे कुरकुरणारे. संदलवाले बाजूला सरले. हे नुसते उभेच, ताट धरून.

"अभिनंदन गा," हे म्हणाले.

"कायचं?"

"ग्रामपंचायतीचं. तुह्या इलेक्शनचं. तवा द्याचं राहून गेलं."

समोरच्यांनी यांच्याकडे बघितलं, मग ताटाकडे. मग हळूच टोपी काढली आणि टक्कल पुढे केलं. यांनी चिमटीत गुलाल घेतला आणि त्यांच्या कपाळाला लावला, देवाला लावतात तसा, बेताने, एक कण खाली न सांडता.

"तुही ते ताडपत्री," समोरचे म्हणाले, मान वाकलेलीच ठेवून. "रंग गेला का गा तिचा?"

मी दारात उभी होते. गेली सगळी वर्षं मला वाटत होतं की त्या ताडपत्रीचं दुःख फक्त आमच्या घराला माहीत आहे.

"नाही गेला," हे म्हणाले.

समोरच्यांनी हाताने पायरी झाडली आणि यांना बसायला जागा केली. संदलवाल्याने माझ्याकडे बघून विचारलं, मावशी, वाजवायचं का आता? मी म्हटलं, आधी पोहे खा, मग त्या दोघांना विचारा. आणि दोघांसाठी तर्रीच्या दोन वाट्या भरायला मी आत गेले.